कडेची नजर

“खालून दुसरी ओळ वाच,” मी म्हणाले.

“ट, प, स, व, न.”

“शेवटची?”

“ह, ल, क, द, र, घ,” जयवंतनं एका दमात म्हणून टाकलं. “झालं का आक्का? मास्तरांचा चष्मा चार वाजता द्यायचाय.”

“मास्तरांच्या चष्म्यापायीच तर बसवलंय तुला इथं.”

कराडात आमचं चष्म्याचं दुकान आहे. वडील, म्हणजे अण्णा, गेल्यावर ते मी चालवायला घेतलं. नंबर काढायचं काम माझं, आणि काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम माझ्या धाकट्या भावाचं. तेव्हा जयवंत तेवीस वर्षांचा होता. हात इतका नेमका, की वडील म्हणायचे, हा तांदळाच्या दाण्यालाही चष्मा बसवील. पण त्या महिन्यात त्यानं केलेले तीन चष्मे परत आले होते. तिरप्या नंबराची काच चार-पाच अंशांनी जरी फिरली, तरी माणसाला जमीन कलती दिसते. मास्तर तर पायरी चुकून पडता पडता वाचले होते, आणि दुकानात येऊन चारचौघांत “अण्णांच्या वेळी असं होत नव्हतं हो,” असं म्हणाले होते. ते मला फार झोंबलं. म्हणून मी जयवंतला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन बसवलं, तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर चढवली, डावा डोळा काळ्या चकतीनं झाकला आणि उजव्याची परीक्षा घेतली. महिन्यातली ही तिसरी परीक्षा होती. तिन्ही वेळा पठ्ठ्या शेवटच्या ओळीपर्यंत पास.

“डोळ्यांत काय न्हाई तुझ्या,” मी म्हणाले. “डोकं ठिकाणावर न्हाई. कोण हाय ती, एकदाचं सांगून टाक. आईला मी गुंडाळते.”

तो हसला नाही. मी काचा पेटीत लावून ठेवल्या आणि समोरच्या अक्षरांच्या खोक्यातला दिवा बंद करायला हात लांब केला. बटण बंदच होतं.

मी दिवा लावलाच नव्हता. खाली मान घालून काचा निवडण्याच्या नादात राहून गेला होता. भिंतीवर नुसतं काळं खोकं होतं, आणि त्याच्यावरच्या सात ओळी माझ्या भावानं मला घडाघडा वाचून दाखवल्या होत्या.

“जया,” मी म्हणाले, “समोर दिवा लागलाय का?”

तो खोक्याच्या दिशेनं पुढं वाकला. मग म्हणाला, “लागलाय की.” आणि मग, अगदी बारीक आवाजात, “न्हाई का?”

आता विचार केला की माझी मलाच चीड येते. हा मुलगा शाळेत जायच्या आधी अक्षरं शिकला ती त्याच तक्त्यावर. वडील गिऱ्हाइकाला ओळी वाचायला सांगायचे, आणि हा दाराशी बसून पाढे म्हटल्यासारखा गिऱ्हाइकाच्या आधी म्हणायचा. अख्ख्या गावात तो एकच तक्ता असा होता, की ज्यावर जयवंतची नजर तपासता येणार नाही. आणि मी त्याची नजर त्याच तक्त्यावर तीनदा तपासली. दुसऱ्या कुठल्याही दुकानात तो पहिल्या दिवशी सापडला असता.

“कधीपास्नं?” मी विचारलं.

“नवरात्रापास्नं. उजव्यात मधोमध धुरकट हाय. आधी एवढंसं हुतं, आता वाढलंय.”

“मग बोलला का न्हाईस? तक्ता कशाला म्हणून दाखवलास?”

“तू बरोबर म्हणायचीस ना आक्का. तू बरोबर म्हटलंस की दुकानातनं बाहेर पडंस्तवर मला बी वाटायचं, आसंल बरोबर.”

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. म्हणजे महिना उलटून गेला होता. मला रडू आलं, पण मी दुकान चालवणारी बाई, म्हणून आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग रडले.

दोन दिवसांनी आम्ही मिरजेला गेलो. आई हट्टानं बरोबर आली. ती आणि जयवंत दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचे, मी दोन गल्ल्या पलीकडे सासरी. आई साठीला आलेली, मिश्री लावून काळे पडलेले दात, कमरेला चंची, आणि बोलणं असं की समोरच्याची बोलती बंद व्हावी. एसटीत ती जयवंतला म्हणाली, “रात रात काचा घासतूस, दुसरं काय हुनार. चांगला चष्मा घे. घरचाच तर हाय.”

डॉक्टर मुजावर माझ्याच वयाचे होते. त्यांनी थेंब घालून, निरनिराळ्या यंत्रांना डोकं लावून जयवंतचे डोळे तासभर बघितले. मग इंजेक्शनच्या बाटलीचं लाल बूच त्याच्या समोर धरलं.

“उजव्यानं बघा. रंग कसा आहे?”

“विटलेला. धुतलेल्या विटेगत.”

“आता डाव्यानं.”

“लाल. चांगला लालभडक.”

डॉक्टरांनी बूच खिशात टाकलं. मला राहवलं नाही. मी म्हणाले, “सर, डोळ्यातली काच स्वच्छ आहे, प्रेशर बरोबर आहे, मागचा पडदा जागेवर आहे. तुमच्या कागदावर मी बघितलं. मग बिघाड आहे कुठं?”

“तुमचं बरोबर आहे. बिघाड डोळ्यात नाहीच,” ते म्हणाले. “डोळ्यातून मेंदूकडे जी दोरी जाते, तिच्यात आहे.” त्यांनी आईकडे बघून विचारलं, “मावशी, तुमच्या माहेरी कुणाची नजर लहान वयात गेली होती?”

आईनं पदर सारखा केला. “माझा थोरला भाऊ, ज्ञानूदादा. बाविसाव्या वर्षी गेली. पर ती पाल्यानं गेली. धुरकट दिसाय लागलं म्हणून आमच्या आईनं डोळ्यांत पाला पिळला, आन् दोन्ही डोळं गेलं.”

“दोन्ही एकदम?”

“न्हाई. एक आधी, दुसरा दोनेक म्हैन्यानं.”

“पाला दोन्हीत पिळला होता का?”

“एकातच,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागद ओढला आणि पेन्सिलीनं एक टिंब काढलं. टिंबातून एक लांब रेघ काढली, कागदाच्या कडेपर्यंत. “ही एक पेशी,” ते म्हणाले. “डोळ्याच्या पडद्यावर अशा दहा-बारा लाख आहेत. आणि ही तिची शेपटी. सगळ्या शेपट्या एकत्र वळल्या की ती दोरी होते. पेशी एवढीशी, पण शेपटी पार मेंदूपर्यंत. आता ही शेपटी नुसती तार नाही. ती जिवंत असते. तिला सारखी ताकद लागते, आणि ताकद तयार होते बारक्या बारक्या चुलींत. पेशीतच चुली ठेवून भागत नाही, ताकद इतक्या लांब पोचत नाही. म्हणून पेशी काय करते, चुलीच शेपटीभर पाठवते. नव्या तिकडे जातात, विझत आलेल्या परत येतात. रात्रंदिवस ये-जा चालू.”

“आणि माझ्या?” जयवंतनं विचारलं.

“तुमच्या चुली आहेत तेवढ्याच आहेत. पण त्या नीट जळत नाहीत. धूरच जास्त.”

“मग हात-पाय कसं चालत्यात माझं? तिथं बी शेपट्या असतील की.”

“आहेत. पण त्या शेपट्यांवर वेष्टण असतं, वायरीवर असतं तसं. वेष्टण असलं की खर्च कमी. डोळ्याच्या आत वेष्टण घालता येत नाही, घातलं तर उजेडच अडेल. म्हणून तिथली शेपटी उघडी, आणि उघडी म्हणून तिला खर्च सगळ्यात जास्त. त्यातही मधोमध बघायच्या शेपट्या सगळ्यात बारीक. त्यांच्यात चुली मावतातच थोड्या. म्हणून त्या आधी उपाशी पडतात.”

मी वीस वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरत आले होते. डोळ्याच्या मागे एवढा संसार चालतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यावर बसवायला माझ्याकडे काच नव्हती.

“रक्त तपासायला पाठवतो,” डॉक्टर म्हणाले. “पण मला फारशी शंका नाही. ह्या चुलींचं असं आहे, त्या प्रत्येकाला आईकडून मिळतात. वडिलांकडची एकही टिकत नाही.”

आई म्हणाली, “म्हंजे माझ्याकडनं.”

“मावशी, ह्यात तुमचा दोष नाही.”

“दोष कुणाचा ते इचारलं न्हाई मी, डाक्टर. कुणाकडनं आलं, ते इचारलं.”

डॉक्टरांनी मान हलवली. “तुमच्याकडून. तुम्हाला तुमच्या आईकडून. बायकांना सहसा त्रास होत नाही, पुरुषांत निम्म्यांना होतो. कुणाला होणार आणि कुणाला नाही, ते अजून कळत नाही. तंबाखू आणि दारूपासून लांब राहायचं, एवढं आपल्या हातात.”

“औषध?” मी विचारलं.

“गोळ्या लिहून देतो. पण खरं सांगायचं तर औषध नाही.”

“दुसरा डोळा?”

त्यांनी जयवंतकडे बघितलं. “ऐकायचंय?”

“माझाच हाय की डोळा.”

“बहुतेक जातो. दोन-तीन महिन्यांत. आंधळे होणार नाही तुम्ही. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल. पण ज्याच्याकडे बघाल तेवढंच नेमकं दिसणार नाही.”

मी म्हणाले, “सर, माझ्यामुळे महिना गेला. मी तीनदा तपासून...”

“ताई, पहिल्या दिवशी आला असतात तरी मी हेच सांगितलं असतं.”

त्यांनी ते मला धीर द्यायला म्हटलं. पण मला धीर वगैरे काही आला नाही. उलट हातातलं शेवटचं काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. माझी चूक असती तर निदान आमच्या हातून काहीतरी झालं असतं, आणि हातून झालेलं हातानं निस्तरताही येतं, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. इथं आमचे हात कशातच नव्हते.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली. इस्लामपूर मागं पडलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “तुझ्यात बी हायेत म्हन की त्या चुली.”

“व्हय.”

“आन् निख्यात?”

निखिल माझा मुलगा. तेव्हा नऊ वर्षांचा होता. मी “व्हय” म्हणाले आणि दोघीही पुढच्या सीटवर डोकं टेकून झोपलेल्या जयवंतकडे बघत राहिलो. निखिल आता एकोणतीस वर्षांचा आहे आणि त्याचे डोळे चांगले आहेत. त्याहून जास्त मी लिहीत नाही, दृष्ट लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं मिश्रीचा डबा उकिरड्यावर फेकला. चाळीस वर्षांची सवय. मी म्हणाले, “आई, तंबाखू त्याच्यासाठी बंद केलाय, तुझ्यासाठी न्हाई.” ती म्हणाली, “माझ्याच चुली हायेत न्हवं त्याच्यात? मग मी का धूर करू?” मग तिनं त्याला खाऊ घालायचा सपाटा लावला. सकाळी तुपातला शिरा, दुपारी खजूर आणि दूध, रात्री मटणाचा रस्सा. चूल विझत असेल तर सरपण घालावं, हा तिचा सरळ हिशोब. मी समजावून बघितलं, की सरपण कमी नाही, चूलच फुटकी आहे. ती मान हलवायची आणि ताटात आणखी एक चमचा तूप वाढायची. जयवंत निमूटपणे खायचा. दोन महिन्यांत त्याचं वजन पाच किलोनं वाढलं.

डावा डोळा मी रोज सकाळी तपासायचे. तक्ता नाही. रोज रात्री मी पुठ्ठ्यावर नवी अक्षरं काढायचे आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याच्यासमोर धरायचे. नोव्हेंबर संपेपर्यंत तो सगळी वाचायचा. मग शेवटची ओळ गेली. चार दिवसांनी तिच्या वरची. मी वहीत लिहून ठेवायचे. कशासाठी, देव जाणे. मोजण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं, म्हणून मी मोजत होते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी सगळ्यात वरचं, वीतभर अक्षर धरलं.

“आक्का,” तो म्हणाला, “उद्यापास्नं पुठ्ठा नगो आणूस.”

त्या दिवशी त्यानं काच घासायचं यंत्र पुसून, वर कापड टाकून ठेवलं. मी मिरजेहून घासलेल्या काचा मागवायला लागले.

आता जे सांगायचं आहे ते त्यानंतरचं आहे.

जयवंत दिवसभर वरच्या खोलीत खिडकीशी बसायला लागला. आई चहा घेऊन आली, की तो तोंड खिडकीकडे फिरवायचा. ती जेवण वाढायला बसली, की हा फडताळाकडे बघायचा. ती बोलत असेल तेवढा वेळ मान वळवलेली, ती गेली की सरळ. मीही ते बघत होते आणि मनातून त्याच्यावर रागावत होते. आईनं काय मुद्दाम दिलंय का, असं त्याला एकदा सुनवायचं, असं मी ठरवूनही टाकलं होतं. आई आधी नुसती बघायची. मग ती ताट ठेवून लगेच आत जायला लागली. बडबड्या बाईची बडबड बंद झाली. एकदा भाजी निवडताना म्हणाली, “माझं त्वांड बघवत न्हाई त्याला.”

“काहीतरीच काय आई.”

“काहीतरी न्हाई. ज्ञानूदादानं असंच केलं. आमची आई मरंस्तवर त्यानं तिच्याकडं सरळ बघितलं न्हाई. पाला पिळलेला ना तिनं. ती म्हणायची, मेल्यावर तरी त्वांड बघायला सांगा त्याला माझं.”

मला तेव्हा तिचं खरंच वाटलं.

फेब्रुवारीत एका दुपारी जयवंत जिना उतरून दुकानात आला. गिऱ्हाईक नव्हतं. तो काउंटरपुढे उभा राहिला आणि रस्त्याकडे तोंड करून म्हणाला, “आक्का, टिकली वाकडी लावलीयस.”

मी आरशात बघितलं. टिकली खरंच वाकडी होती.

“तुला दिसली?”

“दिसती की. तुझ्याकडं बघितलं, की तू नसतीस. नुसता करडा डाग. दाराकडं बघितलं, की कडंनं तू येतीस. लई स्पष्ट न्हाई, पर येतीस. सवय करतोय.”

माझ्या हातातली फ्रेम तशीच राहिली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलेले म्हातारे माझ्यापुढच्या खुर्चीवर मान तिरकी करून बसतात, हे मी वीस वर्षं बघत आले होते. “मान सरळ ठेवा आजोबा,” असं दिवसातून दहा वेळा म्हणत आले होते. आणि घरच्या माणसाच्या बाबतीत मला ते सुचलं नव्हतं.

“आईकडं बी असंच बघतोस?”

“मग कसं बघणार? ती आली की खिडकीकडं बघतो, तवा ती दिसती.” त्यानं काउंटरवर हात टेकले. “पर हल्ली उभीच ऱ्हात न्हाई ती. मी मान वळवून सापडवंस्तवर जाती निघून.”

मी गल्ला उघडा टाकून जिना चढले. आई तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. कागद घेऊन, डॉक्टरांसारखं टिंब आणि रेघ काढून सांगितलं, की मधल्या बारीक शेपट्या मेल्यात, कडेच्या जाड आहेत त्या तगल्यात, म्हणून त्याला कडेनं दिसतं, म्हणून तो तोंड फिरवतो, आई, तो तुला बघायलाच तोंड फिरवतो.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “ल्हानपणापास्नं तू त्याच्या चुका झाकतीस.”

मी जयवंतला वर बोलावलं. म्हणाले, “तूच सांग.” तो दाराशी उभा राहिला, मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाला, “आई, मी रागावलो न्हाई गं तुझ्यावर.” भिंतीला. मग त्याला वाटलं पटलं नसेल, म्हणून म्हणाला, “हिरवं लुगडं नेसलीस. परातीत तांदूळ हाय.” तेही भिंतीला.

“आक्कानं सांगितलं असंल,” आई म्हणाली.

मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. लोकांना दिसावं म्हणून मी जन्म घालवला, आणि एका बाईला समोर उभं असलेलं मला दाखवता येत नव्हतं. मी रागानं म्हणाले, “आई, ज्ञानूमामाचं बी असंच असंल. तो बी आजीला बघतच असंल.”

तिचा हात तांदळात थांबला. ती आजीचा विचार करत असणार. ती म्हातारी पाल्याचं पाप उराशी घेऊन, मुलगा तोंड बघत नाही म्हणून झुरत गेली होती. मी हे बोलायला नको होतं. हे खरं मानायचं तर आजी उगाचच झुरत गेली, हेही आईला मानायला लागणार होतं.

“बरं,” ती म्हणाली, आणि परत खडे काढायला लागली.

तिला पटलं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर ती त्याच्या जवळ जरा जास्त वेळ बसायची, एवढं खरं. पण तो मान वळवायचा, तेव्हा तिचा चेहरा पडायचा, हेही खरं.

श्रावणात तिच्या पोटात गाठ निघाली. पुन्हा मिरज, ह्या वेळी दुसरं हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, गाठ काढायला हवी, पण हृदय अशक्त आहे, सांगता येत नाही. सकाळी आठला तिला आत न्यायचं होतं. हिरवी टोपी घातलेली आई चाकांच्या खाटेवर इतकी लहान दिसत होती. नाकातली मोरणी निघत नव्हती, म्हणून नर्सनं तिच्यावर चिकटपट्टी लावली होती. आईनं मला घराच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगितलं, दुधाच्या बाईला किती सांगायचं ते सांगितलं. जयवंत खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा होता. त्याचं तोंड भिंतीकडे होतं, तिथं आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. तो त्याच्याकडे एकटक बघत होता.

तो काय करत होता ते मला समजलं. खिडकीतून स्वच्छ उजेड येत होता, आई आडवी होती, हलत नव्हती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती त्याच्या नजरेच्या कडेला निवांत सापडली होती, आणि तो तिला पोटभर बघून घेत होता. तिची टोपी, तिची मोरणी, सगळं.

आणि तिला दिसत होता भिंतीकडे बघणारा मुलगा.

“जया,” ती म्हणाली.

“आं?”

“माज्याकडं बघ की रं येकदा. सरळ.”

मी बोलणार होते. म्हणणार होते, आई, तो बघतोच आहे गं, त्याला बघू दे. जयवंतनं न बघता माझा दंड धरला आणि दाबला. मग त्यानं भिंतीवरची नजर काढली, खाली वाकला आणि तोंड सरळ तिच्या तोंडासमोर आणलं.

त्या डागाचं माप मला माहीत होतं. मीच ते पुठ्ठ्यावर काढून वहीत लिहिलं होतं. इतक्या जवळून आईचा अख्खा चेहरा त्यात बुडत होता. कपाळ नाही, मोरणी नाही, काही नाही. त्यानं डोळे तिच्या डोळ्यांवर ठेवले आणि पापणी हलू दिली नाही.

आईनं हात वर करून त्याच्या गालाला लावला. “बास,” ती म्हणाली.

नर्सनं खाट ढकलली. तिसऱ्या दिवशी आई गेली. मधल्या काळात ती शुद्धीवर आली नाही, म्हणजे आमच्याशी झालं ते बोलणं एवढंच. पण तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं. खाट आत गेली, दोन्ही दारं हलत हलत मिटली. जयवंत अजून तसाच, मान ताठ, सरळ समोर बघत उभा होता. आता मान वळवली असती तरी चाललं असतं.

“आक्का,” तो म्हणाला.

“काय रे?”

“हसली का गं ती?”

“हसली,” मी म्हणाले. खरंच हसली होती.